पठारावरचा पापुद्रा

“आजच यायचे होते का हे ढग? सोलरची लाइट निम्म्यावर आली. आता हा धरणार कधी आणि मी नेणार कधी?”

भिंतीपलीकडून मनीषाकाकूंची कुरकुर ऐकू आली, तेव्हा शरयू ढेबे परसात वाळकं गवत निवडत बसली होती. काकू कुणाशी बोलत होत्या? काका तर ओट्यावर झोपले होते, त्यांचं घोरणं इथवर येत होतं. तेवढ्यात फ्रिजचं दार जरा जोरातच लावल्याचा आवाज झाला. म्हणजे काकू फ्रिजशी बोलत होत्या.

शरयू सहावीत होती आणि संशय घेणं हा तिचा आवडता उद्योग होता. फ्रिजमध्ये काय धरणार? दही विरजायला वीज लागत नाही. आणि ते नेणार कुठे? उद्या माघी पौर्णिमा, म्हणजे पापुद्र्याची पहाट. उद्या सगळंच गाव एकच वस्तू बघायला घराबाहेर पडेल, आणि ती वस्तू फ्रिजमधून येत नाही. आभाळातून येते.

काळवटवाडी सह्याद्रीतल्या एका उंच पठाराच्या कडेला आहे. माघी पौर्णिमेच्या आदल्या संध्याकाळी तिथलं प्रत्येक घर आपलं काशाचं ताट पठारावर नेऊन ठेवतं. खाली वाळक्या गवताची गादी, ताटात बोटाच्या पेराएवढं पाणी. प्रत्येक घराची जागा ठरलेली, भोवती गुडघाभर दगडांचं कडं. रात्री तिकडे कुणी फिरकायचं नाही. पेटतं आणि बोलतं काही न्यायचं नाही. पहाटे घरातली बाई एकटी पुढे जाते आणि ताटावर फडकं टाकते, कोवळ्या उन्हाने ताटातलं वितळू नये म्हणून. मग बाकीचं गाव येतं. गुरव एकेका घराला विचारतो, “धरला?” बाई फडकं उचलते. ताटात बर्फाचा पातळ पापुद्रा असतो. घर म्हणतं, “धरला.” सगळ्यांचं झालं की गुरव दरीकडे तोंड करून अख्ख्या पठाराचा पुकारा करतो.

ज्या घराच्या ताटात धरत नाही, त्या घरात वर्षभरात कुणीतरी मोठं खोटं बोललेलं असतं, असं काळवटवाडीत मानतात. शरयूला आठवतंय तेव्हापासून एकाही घरात धरला नाही असं झालेलं नव्हतं. इतकं खरं बोलणारं गाव जगाच्या पाठीवर दुसरं नसावं.

“पडताळ्या,” शरयू हळूच म्हणाली, “काकूंचं ऐकलंस?”

“ऐकलं,” गवताच्या ढिगामागून आवाज आला. “पण ऐकलेलं मी मोजमापात धरत नाही.”

पडताळ्या म्हणजे हवामान कार्यालयाने पाठवलेलं तपासणीयंत्र. त्याचं कागदोपत्री नाव बरंच लांब होतं, पण एसटीतून उतरल्यावर पहिल्याच दुपारी गावाने त्याचा पडताळ्या करून टाकला. दिसायला तो दुधाच्या कॅनवर कढई पालथी घातल्यासारखा. खाली चार चाकं, छातीवर चौकोनी पडदा आणि कपाळावर एक काळी काच. आल्यापासून तो शरयूच्या घरीच मुक्कामाला होता, कारण तो आला होता तोच शरयूच्या आबांसाठी. खरं म्हणजे आबांविरुद्ध, असं शरयूचं मत होतं.

शरयूचे आजोबा हणमंत ढेबे, सगळ्या गावाचे आबा, हवामानशास्त्रज्ञ होते. नोकरीत असताना आणि निवृत्त झाल्यावरही त्यांनी एक नेम सोडला नव्हता. दर फेब्रुवारीत ते कार्यालयाला पठाराची हिमनोंद पाठवायचे. बर्फ धरला की नाही, एवढंच. देशाचा फेब्रुवारीचा हवामान आढावा निघतो, त्यात ती नोंद एका ओळीत छापून यायची. दरवर्षी आभाराचा निरोप येत असे. यंदा त्याऐवजी पडताळ्या आला.

का, ते त्याने पहिल्याच संध्याकाळी छातीच्या पडद्यावर दाखवलं होतं. देशाचा नकाशा, आणि तो जवळजवळ सगळा नारिंगी.

“हे गेल्या फेब्रुवारीचं किमान तापमान (रात्रीत जे सर्वांत खाली उतरतं ते),” तो म्हणाला होता. “नेहमीपेक्षा जास्त असेल तिथे नारिंगी रंग, कमी असेल तिथे निळा.”

“नेहमीपेक्षा म्हणजे?” शरयूने विचारलं होतं. “नेहमी हे कोण ठरवतं?”

आबांना असले प्रश्न आवडायचे. “तीस वर्षांचे फेब्रुवारी घ्यायचे,” ते म्हणाले. “सगळ्यांची बेरीज करून तिसाने भागायचं. ती झाली सरासरी, म्हणजे त्या जागेचा स्वभाव. आता तुझी आई एखाद्या सकाळी तुझ्यावर ओरडली, तर ती त्या दिवसाची हवा. ती मुळात प्रेमळ आहे की तापट, हे एका सकाळवरून ठरवायचं नाही. ते हवामान. त्याला बरीच वर्षं लागतात.”

“मला इतकी वर्षं नको होती,” शरयू म्हणाली आणि स्वयंपाकघरातून आईने भांडं आपटलं.

नकाशात काश्मीरपासून खाली सगळीकडे तीच गोष्ट होती. हिवाळ्याच्या शेवटच्या थंडीने लवकर आवरतं घेतलेलं, पंजाबात गव्हाच्या ओंब्या वेळेआधी पिवळ्या पडायला लागलेल्या, कोकणात फेब्रुवारीतच दुपार तापलेली. आणि त्या नारिंगी पसाऱ्यात, बर्फाच्या नोंदीवरून लावलेलं, एकच निळं टिंब. काळवटवाडी.

“शेजारची सगळी ठिकाणं एक सांगतात आणि मधलं एकच ठिकाण दुसरं सांगतं, तेव्हा दोन शक्यता असतात,” पडताळ्या म्हणाला होता. “एक तर ते ठिकाण फार विशेष आहे. नाहीतर तिथली नोंद चुकीची आहे. मला दोन्ही चालेल. पण पडताळा आला नाही, तर श्री. ढेबे यांची हिमनोंद ‘संशयास्पद’ म्हणून काढून टाकण्यात येईल.”

“गेल्या वर्षीची?” आबांनी विचारलं.

“पहिल्या वर्षापासूनची. कुठवर खरी आणि कुठून चुकीची हे कळत नसेल, तर सगळीच बाजूला ठेवावी लागते.”

आबांनी चष्मा काढून पुसला. तो आधीच स्वच्छ होता. त्या दिवसापासून शरयू गावातल्या प्रत्येकाकडे डोळे बारीक करून बघायला लागली होती, आणि आज काकू तिच्या तावडीत सापडल्या होत्या.

ती गवताची पेंढी उचलून आपल्या ओट्यावर आली, पडताळ्या मागोमाग. आबा आभाळाकडे बघत बसले होते.

“आबा, खरं सांगा. आपल्या अंगणातल्या तापमापकात कधी शून्य येतं का?”

“नाही. पाच येतं. सहा येतं.”

“मग पाणी शून्याला गोठतं, असं पुस्तकात आहे ते? हवा पाच अंशांवर असताना ताटात बर्फ कसा धरेल?”

शरयूला वाटलं, आबा रागावतील. पण आबा खूश झाले. “तापमापक कुठे आहे? माझ्या छातीएवढ्या उंचीवर, पांढऱ्या पेटीत. त्याला छप्पर आहे. तो हवेचं तापमान सांगतो. ताट कुठे आहे? उघड्यावर, जमिनीलगत. दोघांचं तापमान एक का असावं?”

“असावं ना. जागा तीच आहे.”

“पडताळ्या, तुझी काच दे हिला जरा.”

पडताळ्याने कपाळावरची काळी काच काढून दिली. ती उष्णताकाच होती (जिच्यातून वस्तूचा रंग नाही, तर तिचा गरमपणा दिसतो ती). शरयूने ती डोळ्याला लावली आणि तिचं अंगण एकदम अनोळखी झालं. चूल पिवळीधमक. आबा शेंदरी. भिंत तांबूस, कारण दिवसभराचं ऊन तिच्यात मुरलेलं. दगडी पाटासुद्धा अंधुक लाल.

“प्रत्येक वस्तू आपली उष्णता बाहेर टाकत असते,” आबा म्हणाले. “त्याला उत्सर्जन म्हणतात (वस्तूने न दिसणाऱ्या किरणांच्या रूपात उष्णता बाहेर सोडणं). तव्यापुढे हात धरलास की न शिवता चटका लागतो ना? तेच. तू, मी, भिंत, ताट, सगळे सतत उष्णता देत असतात. आणि समोरच्याकडून घेतही असतात. देणं आणि घेणं सारखं असलं की तापमान टिकतं. आता वर बघ.”

ढगांमध्ये एक फट पडली होती. शरयूने काच तिकडे वळवली. फट काळीभोर दिसत होती, विहिरीत डोकावल्यासारखी.

“उणे तीस अंश,” पडताळ्याने कोपऱ्यातून सांगितलं.

“निरभ्र, कोरडं आभाळ असं असतं,” आबा म्हणाले. “ताट रात्रभर त्याला उष्णता देत राहतं आणि तिकडून परत जवळजवळ काही येत नाही. जमिनीतून थोडी ऊब आली असती, पण मध्ये गवताची गादी. वारा असता तर त्याने भोवतालची हवा आणून घातली असती, पण दगडांचं कडं वारा अडवतं. मग ताट बिचारं एकटंच गार होत जातं. हवा पाचावर असली तरी ताट शून्याखाली उतरतं. कळलं? आपल्या जुन्या माणसांना उत्सर्जन हा शब्द ठाऊक नव्हता, पण गवत कुठे घालायचं ते ठाऊक होतं.”

म्हणजे बर्फ खरा असू शकत होता. शरयूला इतकं हायसं वाटलं की ती काच परत द्यायलाच विसरली. मग तिने ती सहज ढगावर रोखली, आणि ढग काळा नव्हता. मळकट लाल होता, गोधडीसारखा.

“आबा, ढग गरम आहे.”

“आभाळापेक्षा खूपच गरम. ढग म्हणजे पाण्याचे थेंब, तेही उष्णता टाकतात. खालून जेवढी गेली त्यातली बरीच ते परत खाली पाठवतात. म्हणून ढगाळ रात्री उबदार असतात.”

“मग आज रात्री ढग राहिले तर?”

आबांनी उत्तरेकडे बोट दाखवलं. “उत्तरेत पश्चिमी झंझावात आलाय (हिवाळ्यात पश्चिमेकडून उत्तर भारतावर येणारी पावसापाण्याची लाट). त्याची ही शेपटी. जाईल रात्रीतून.”

“आणि नाही गेली तर?”

“पठारावर दरवर्षी धरतो, शरू,” आबा म्हणाले, आणि चष्मा पुसायला लागले.

“तुम्ही ताटाखाली तापमापक कधी ठेवला होता का?” पडताळ्याने विचारलं.

“डोळ्यांना बर्फ दिसतो, तिथे तापमापक कशाला हवा?”

पडताळ्या गप्प बसला. यंत्राचं गप्प बसणं माणसाच्या गप्प बसण्यापेक्षा वाईट असतं, कारण त्याला चहाचा घोट घ्यायचा असतो असं काही नसतं.

शरयूचा बेत मात्र पक्का झाला. तिने पडताळ्याला गोठ्यामागे नेलं. “मला तो गुंडीएवढा तापमापक दे, रात्रभर आपोआप टिपत राहतो तो. काकूंच्या ताटाखाली ठेवते. काकू फ्रिजमधला बर्फ नेतायत, माझी खात्री आहे. त्यांच्या एका ताटामुळे आबांची सगळी नोंद संशयात आली.”

पडताळ्याने पोटातला खण उघडला आणि दोन गुंड्या पुढे केल्या.

“मी एकच मागितली.”

“एक गुंडी म्हणजे आरोप. दोन गुंड्या म्हणजे प्रयोग. दुसरी अशा ताटाखाली ठेव, ज्यावर तुझा अजिबात संशय नाही. म्हणजे खरा बर्फ धरताना तापमान कसं उतरतं, ते आपल्याला कळेल. त्याच्याशी काकूंचं ताडून बघू. याला तुलनेची मोजणी म्हणतात (संशयाच्या वस्तूबरोबर बिनसंशयाचीही मोजणी करणं).”

बिनसंशयाचं ताट कुठलं, याचा शरयूला विचार करावा लागला नाही.

ताटांखाली गवत घालायचं काम मुलांचं असतं. संध्याकाळी तिने काकूंचं गवत घातलं, आपलंही घातलं, आणि दोन्हीकडे गवतावर, ताटाच्या अगदी बुडाशी एकेक गुंडी दडवली. ढेब्यांचं कडं पठाराच्या मधल्या खोलगट भागात आहे. गार हवा जड असते, पाण्यासारखी उताराने वाहत जाऊन खळग्यात साठते, म्हणून ती जागा सगळ्यांत थंड. काकूंचं कडं तिथून हाकेच्या अंतरावर, जरा वर. शरयूने ताटात पाणी ओतलं. वर बघितलं. आभाळात एकही चांदणी नव्हती.

पहाटे आईने तिला उठवलं नाही. बायका पुढे गेल्या तेव्हा शरयूला नुसता दाराचा आवाज आला. पुन्हा डोळे उघडले तेव्हा आबा स्वेटर आणि कानटोपी घालून तयार होते. खरं तर कानटोपीची काही गरज नव्हती. शरयू बाहेर आली तर तिच्या अंगावर काटासुद्धा आला नाही. वरती ढगांची गोधडी जशीच्या तशी होती.

पठारावर सगळं गाव जमलं होतं. कड्याकड्यांत फडकी टाकलेली ताटं, प्रत्येक ताटामागे एकेक बाई. तांबडं फुटत होतं, त्यामुळे आता पडताळ्यालाही परवानगी होती. शरयूने पळत जाऊन दोन्ही गुंड्या काढल्या. काकूंच्या ताटाशी वाकली तेव्हा काकू दचकल्या, पण तिने नुसतं “गवत सरकलं होतं” असं म्हटलं. हे खोटं होतं, तेसुद्धा त्या जागेवर बोललेलं, म्हणून ती तिथून भरभर निघाली.

पडताळ्याने दोन्ही गुंड्या पोटात घातल्या. “गुंड्या तू ठेवल्यास, म्हणून निष्कर्ष आधी तुला,” तो हळू आवाजात म्हणाला आणि पडदा तिच्याकडे वळवला.

पडद्यावर एक रेघ उमटली. काकूंचं ताट. रेघ रात्रभर आडवी होती, नऊ अंशांच्या आसपास रेंगाळणारी. ढगाने घेतलेलं जवळजवळ सगळं परत दिलं होतं. आणि पहाटे, अगदी शेवटी, रेघ एकदम जिन्याची पायरी उतरल्यासारखी खाली पडली होती, शून्याजवळ.

“बघ,” शरयू कुजबुजली. “आभाळाने गार केलं असतं तर हळूहळू उतरली असती. ही तर कुणीतरी वरून बर्फ ठेवल्यावर पडलीय. बरोबर ना?”

“बरोबर.”

“आता आपली दाखव.”

दुसरी रेघ उमटली. रात्रभर आडवी. शेवटी पायरी.

शरयूला वाटलं, पडताळ्याने चुकून तीच पुन्हा दाखवली. “ही काकूंची आहे.”

“ही ढेब्यांची.”

“पुन्हा बघ.”

“मी पुन्हाच बघत असतो,” पडताळ्या म्हणाला. त्याच्या आवाजात चढउतार नसायचे, तरी ते वाक्य त्याने जरा सावकाश म्हटलं. “कार्यालयाला काय कळवू?”

“आता नको.”

“किती वेळ नको?”

शरयू आईकडे बघत होती. आई ताटामागे उभी होती, दोन्ही हात ओढणीत गुंडाळून. बोटांची टोकं बाहेर दिसत होती, लालबुंद. कुणाचेच हात आज इतके गारठायला नको होते. शरयूने शेजारच्या कड्याकडे पाहिलं. काकूंनी हात काखेत घातले होते. त्यापलीकडची बाई बोटांवर फुंकर घालत होती. त्यापलीकडचीही.

संशय घेणं किती मजेचं असतं, पण तो आपल्या घराशी येऊन थांबला की त्यात काहीच मजा उरत नाही. बोलली तर सगळ्या गावासमोर आई खोटी ठरणार, आणि तेही या दिवशी, या जागेवर. गप्प बसली तर खोटं कुठून सुरू झालं ते कळणारच नाही, आणि आबांची सगळी वर्षं नकाशावरून पुसली जाणार. खरी असलेलीसुद्धा.

ती आईजवळ गेली. पडताळ्या मागोमाग आला आणि दगडाला अडून थांबला. त्याच्या पडद्यावर दोन्ही रेघा अजून होत्या. आईने त्या पाहिल्या. ती हवामानशास्त्र शिकलेली नव्हती, पण पायरी तिला लगेच ओळखू आली. ती तिनेच तर पहाटे उतरवली होती.

“आबांना दाखवलंस?” तिने विचारलं.

“नाही.”

“बरं,” आई म्हणाली, आणि तेवढ्यात पुकारा सुरू झाला.

गुरव जयवंतमामा कडेच्या घरापासून सुरुवात करतात आणि खळग्याकडे येतात, त्यामुळे ढेब्यांची पाळी शेवटची.

“कोळ्यांच्यात धरला?”

फडकं उचललं गेलं. “धरला.”

“सपकाळांच्यात धरला?”

“धरला.”

एकेक आवाज जवळ येत होता. कुणी ताटात फार वेळ बघत नव्हतं. आधी शरयूला हे कधी जाणवलं नव्हतं. जगात एवढं सुंदर काही धरलं आणि माणसं लगेच दुसरीकडे बघतात, हे जरा चमत्कारिकच होतं. काकूंची पाळी आली. काकू म्हणाल्या, “धरला,” आणि खोकल्या.

“ढेब्यांच्यात धरला?”

आबा पुढे झाले. कार्यालयाला कळवायचं ते त्यांनाच. आईने फडकं उचललं. ताटात गोल, पातळ, नितळ पापुद्रा तरंगत होता. आबांच्या चेहऱ्यावर इतकं सुख पसरलं की शरयूने मान फिरवली.

“ध...” आबांनी सुरुवात केली.

“नाही धरला,” आई म्हणाली.

जयवंतमामांना वाटलं, त्यांना नीट ऐकू आलं नाही. “ताटात आहे की वहिनी.”

“ताटात आहे. धरलेला नाही. मी फ्रिजमधून आणून ठेवलाय.” आईचा आवाज बारीक होता, पण पठारावर एवढी शांतता होती की तो कडेपर्यंत गेला असावा. “आबा, शरयू दोन महिन्यांची होती तेव्हा मी पहिल्यांदा फडकं टाकायला आले. ताटात नुसतं पाणी. आणि शेजारी काकूंच्या ताटात पापुद्रा. मला वाटलं, आपल्याच घराचं काहीतरी खोटं निघालं, आणि मी नवीन. लोक म्हणतील, हिच्यामुळे. मी पळत घरी गेले आणि फ्रिजमधला घेऊन आले. मग पुढच्या वर्षी आधीच तयार ठेवला. मग तुम्ही इतक्या आनंदाने कळवायचात की थांबवता येईना.”

आबा ताटाकडेच बघत होते.

“माझ्या ताटात पापुद्रा?” मनीषाकाकू एकदम म्हणाल्या. “अगं बये, तो माझा फ्रिजचाच होता. आमच्यात तर त्याच्या आदल्या सालीच नाही धरला. मला वाटलं, आमच्यातच कुणीतरी खोटं बोलतंय. यांच्यावर संशय घेतला मी. किती दिवस जेवण वाढलं नाही नीट.”

“म्हणून होय ते,” काका म्हणाले.

कुणीतरी हसलं. मग सपकाळांच्या सुनेने फडकं खाली ठेवलं आणि म्हणाली, आमच्यात त्याच्याही आधीपासून, सासूबाईंनीच शिकवलं होतं. कडेच्या कोळ्यांच्यात तर फार वर्षं झाली होती. प्रत्येक घराला वाटत होतं की खोटं आपल्याच घरात आहे. ते लपवायला प्रत्येक घर खोटं बोलत होतं, आणि शेजाऱ्याच्या खोट्या बर्फाकडे बघून स्वतःला दोष देत होतं.

पडताळ्या खळग्यात गोल फिरायला लागला. तो घाईत असला की असं करायचा. “कृपया पुन्हा सांगा. एकेक घर, आणि कोणत्या वर्षापासून.” त्याच्या पडद्यावर पठार उमटलं होतं आणि घरं बोलतील तसा त्यावर एकेक ठिपका लागत होता. “श्री. ढेबे, बघावं. कडेच्या घरांत आधी थांबला. मग मधल्या. खळग्यात सर्वांत शेवटी. थंडी एकदम गेलेली नाही. कडेकडून आक्रसत खळग्यापर्यंत आली आणि तिथून गेली. असा नकाशा कार्यालयाकडे कुठल्याच पठाराचा नाही.”

“आणि आबांची नोंद?” शरयूने विचारलं.

“संशयास्पद नाही. शरयूच्या जन्माच्या आधीची सगळी राहील. नंतरची दुरुस्त होईल. चूक कुठून सुरू झाली ते सांगणारं माणूस मिळालं की आधीचं खरं वाचतं.” तो आईकडे वळला. “मधल्या काळात कधी आपोआप धरला होता का?”

आईने आठवून पाहिलं. “एकदा. शरू पहिलीत होती. इतका सुरेख होता, पिसासारख्या रेघांचा. मी नेलेला तसाच परत घेऊन आले.” तिने फडक्याची घडी घातली. “तो कुणाला सांगताही आला नाही.”

“तो ठेवू,” पडताळ्या म्हणाला. “तो खरा आहे.”

शरयूने खिशात हात घातला. मघाशी गुंड्यांबरोबर आलेलं गवत अजून तिथेच होतं. “पुढच्या वर्षी सगळ्या ताटांखाली गुंड्या ठेवायच्या,” ती म्हणाली. “आम्ही मुलं ठेवू. धरला तरी कळेल, नाही धरला तरी कळेल. किती अंशांनी राहिला तेही कळेल.”

“तेवढ्या गुंड्या आणाव्या लागतील,” पडताळ्या म्हणाला, आणि तो पुन्हा येणार आहे हे सगळ्यांना त्यावरून समजलं.

आता पठाराचा पुकारा राहिला होता. जयवंतमामा दरीकडे तोंड करून उभे राहिले, हात तोंडापाशी नेले, आणि तसेच थांबले. त्यांच्या वडिलांनी आणि आजोबांनी तिथे उभं राहून एकच शब्द पुकारला होता, आणि दुसरा शब्द कसा पुकारतात हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. एकेका घराने आपापलं सांगितलं होतं. सगळ्यांचं मिळून जे होतं, ते अजून कुणी बोललेलं नव्हतं. माणसं पायाखालचं गवत बघत होती.

आबा खळग्यातून वर आले. आईच्या जवळून जाताना थांबले, तिचे लाल पडलेले हात आपल्या हातात घेतले, जरा चोळले आणि सोडले. मग कानटोपी काढून खिशात कोंबली. चष्म्याला त्यांनी हात लावला नाही.

ते जयवंतमामांच्या शेजारी उभे राहिले आणि त्यांनी दरीला सांगितलं.

“पठारावर नाही धरला.”